बोल्टमधले अकरा दिवस

त्या सकाळी रांगेत नऊ जण होते आणि नवांचाही कुणावर ना कुणावर संशय होता. एका बाईनं कपाटाची कडी रुमालात बांधून आणली होती. आपल्या माघारी सून कपाट उघडते का, हे तिला कळून घ्यायचं होतं. दोन भाऊ एकाच कुलपाचे दोन तुकडे घेऊन, एकमेकांकडे न बघता, एकाच बाकावर बसले होते. सांगलीच्या धातुपरीक्षण केंद्रात व्रणमापक यंत्र आलं त्याला तीन वर्षं झाली होती. ते आणलं होतं पूल आणि क्रेनच्या तपासणीसाठी. पण लोखंडाला काय झालं आणि कधी झालं हे यंत्र सांगतं, ही बातमी फुटली आणि गावानं आपल्या घरातलं लोखंड उचकटून आणायला सुरुवात केली.

राजमती चौगुले तिथं वरिष्ठ परीक्षक होती. वय एक्केचाळीस, बोलणं मोजकं. पहिल्या वर्षी ती लोकांना समजावायची, की यंत्र तारीख सांगेल, माणूस सांगणार नाही. लोक मान डोलवायचे, तारीख घ्यायचे आणि माणूस घरी जाऊन स्वतःच ठरवायचे. पुढे तिनं समजावणं सोडून दिलं.

यंत्रामागचं शास्त्र तसं सोपं होतं. लोखंड बाहेरून एकसंध दिसतं, पण आत ते बारीक कणांचं असतं आणि प्रत्येक कणात अणू ओळीनं रचलेले असतात. पत्त्यांच्या कॅटाला आडवा धक्का दिला की पत्ते एकमेकांवरून सरकतात; पिळाखाली या ओळी तशाच सरकतात. थोड्या पिळानं जागोजागी गुंते होतात. पीळ फार झाला की गुंत्यांच्या भिंती उभ्या राहतात, एका कणाचे दहा होतात, दहाचे हजार, आणि ते सगळे पिळाच्या दिशेनं लांबट होऊन पडतात. बाहेर रंगाचा टवकाही उडालेला नसतो. आत मात्र केसाएवढा एक पट्टा चिरडलेला असतो. पुढचा सगळा ताण त्याच पट्ट्यावर येत राहतो आणि कधीतरी तो तुकडा तिथंच तुटतो.

हे सगळं जुनंच ज्ञान होतं. नवी होती ती कालगणना. पोलादात कार्बनचे अणू विखुरलेले असतात आणि ते स्वस्थ बसत नाहीत. कुठं गुंता झाला की हळूहळू तिकडे सरकतात आणि तिथं मुक्काम करतात. किती येऊन पोचले ते मोजलं, की गुंता होऊन किती दिवस झाले ते कळतं. दोन वेळा पीळ पडला असेल तर दोन्हींचे दिवस वेगवेगळे मोजता येतात. व्रणमापक एवढंच करायचा. न्यायालयांनी त्याचा शब्द मानायला सुरुवात केली होती.

एप्रिलच्या बावीस तारखेला तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शीतगृहात माल चढवायची लिफ्ट कोसळली. खाली पेट्या रचत असलेला आनंदा वायदंडे नावाचा हमाल जागीच गेला. त्या लिफ्टची देखभाल राजमतीचा नवरा सुकुमार करायचा. कुपवाडला त्याची छोटी वर्कशॉप होती आणि अशा सात-आठ लिफ्ट त्याच्याकडे होत्या.

तो दुपारी घरी आला तेव्हा हातांना ग्रीस तसंच होतं. दारातच बसला.

"राजू, माणूस गेला. माझ्या ओळखीचा होता. चहा पाजायचा मला."

राजमतीनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "रजिस्टरात शेवटची सही कुणाची आहे?"

सुकुमारनं तांब्या तोंडाला लावला होता, तो खाली ठेवला. "माझी," तो म्हणाला. "अकरा तारखेची. सर्व्हिसिंग केलं होतं."

तिनं हे विचारलं ते परीक्षकाच्या सवयीनं. पण त्यानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती तिला पुढं बरेच दिवस आठवत राहिली.

तुटलेला बोल्ट तिसऱ्या दिवशी केंद्रात आला. मोटरचा दांडा आणि दोर गुंडाळणारा ड्रम यांना जोडणाऱ्या कपलिंगमधला तो खालचा बोल्ट होता. केंद्राचे प्रमुख तेरदाळकर सर यांनी राजमतीला त्यापासून लांब ठेवलं, आणि ते योग्यच होतं. त्यांनी स्वतः मोजणी केली. त्या संध्याकाळी ते तिच्या टेबलाजवळ आले, चष्मा पुसत उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी राजमती सगळ्यांच्या आधी आली आणि बोल्टचा उरलेला अर्धा भाग तिनं यंत्रात लावला. सरांच्या न बोलण्यावरून तिनं जे ओळखलं होतं ते चुकीचं निघावं असं तिला मनापासून वाटत होतं. पडद्यावर दोन पट्टे उमटले. एक तुटण्याच्या क्षणाचा. दुसरा त्याच्या शेजारी, त्याहून जुना, जबर पिळाचा. कुणीतरी लांब दांडी लावून, लोखंडाच्या सोसण्यापलीकडे जोर दिल्यासारखा. दोन्हींमधलं अंतर अकरा दिवस.

बावीसमधून अकरा गेले. अकरा एप्रिल.

त्या रात्री जेवताना तिनं विषय काढला नाही. सकाळी चहा गाळताना पाठमोरीच उभी राहून तिनं विचारलं, "खालचा बोल्ट तुम्ही आवळला होतात का?"

"नाही. त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. दोराला वंगण दिलं, ब्रेक तपासला, संपलं."

"पाइप घालून वगैरे?"

"राजू, वीस वर्षं हे काम करतोय मी."

"बोल्टमध्ये तुटायच्या अकरा दिवस आधीचा पीळ आहे."

"मग यंत्राची काहीतरी चूक असेल."

"चार हजार मोजण्या झाल्यात. एकही चुकलेली नाही."

"आणि मी? माझ्या किती चुकल्या?"

चहा दोघांचाही तसाच निवला.

मे महिना असाच गेला. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं, जामिनावर सोडलं. ज्यांच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या त्यांनी एकेक करून फोन उचलणं बंद केलं. आनंदाची बायको शालन एकदा त्यांच्या फाटकाशी येऊन अर्धा तास नुसती उभी राहिली. बोलली नाही, आत आली नाही. सुकुमार खिडकीतून तिला बघत राहिला.

राजमतीला आता त्याच्या प्रत्येक हालचालीत काहीतरी दिसू लागलं. तो नळ घट्ट बंद करायचा, हे तिला पंधरा वर्षांत जाणवलं नव्हतं, आता जाणवलं. बरणीचं झाकण तो एक पीळ जास्तच देतो, हेही. एके दिवशी तो अंघोळीला गेला असताना तिनं त्याच्या हत्यारांच्या पेटीतला सर्वांत मोठा पाना काढला, ओढणीत गुंडाळला आणि केंद्रात नेला. पाना कडक पोलादाचा होता, त्यात काहीच उमटलेलं नव्हतं. संध्याकाळी ती तो परत ठेवायला गेली, तर पेटी उघडी होती आणि सुकुमार त्या रिकाम्या खाचेकडे बघत बसला होता.

तिच्या हातातला पाना त्यानं घेतला, जागेवर ठेवला, पेटी बंद केली. मग कपड्यांच्या दोन जोड्या पिशवीत भरल्या.

"वर्कशॉपवरच राहतो काही दिवस," तो म्हणाला. "तुला घरात मोकळं वाटेल."

जूनच्या पहिल्या आठवड्यात पोलिस ठाण्यातून तेरदाळकर सरांना फोन आला. सुकुमार चौगुलेनं जबाब दिला होता. अकरा एप्रिलला आपण खालचा बोल्ट आवळला, पान्याला पाइप लावला, एक पीळ जास्त गेला, असं त्यानं लिहून दिलं होतं.

सरांनी हे सांगितलं तेव्हा राजमती खुर्चीत बसली. तिला रडू आलं नाही. आधी जे वाटलं ते सुटकेसारखं होतं. आपला संशय खोटा नव्हता, यंत्र खोटं नव्हतं. आपल्याला हायसं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा मात्र ती उठली आणि तोंडावर पाणी मारायला गेली.

जून संपत आला असताना पलूसकडचा एक दूधसंकलनवाला केंद्रात आला. त्याच्या दुधाच्या शीतखोलीचा आतल्या बाजूचा कोयंडा कुणीतरी पिरगाळला होता. त्याचा संशय दिवाळीनंतर काम सोडून गेलेल्या गड्यावर होता. राजमतीनं मोजणी केली आणि सांगितलं, "आठ दिवसांपूर्वीचं आहे."

"मॅडम, ते शक्य नाही. ती खोली मी दोन महिने कुलूप लावून ठेवलीय. किल्ली माझ्या करगोट्याला आहे."

"यंत्र आठच दिवस म्हणतंय."

"म्हणू दे की. मशीन चालू आहे, पण आत कुणी गेलेलं नाही. मी स्वतःसुद्धा नाही. कोयंडा काल काढला तो तुमच्याकडे आणायला."

राजमती त्याला नेहमीचं उत्तर देणार होती. आधी अर्जाचा कागद तिनं पुन्हा वाचला. अर्जात जिल्हा, तालुका आणि गाव अशा तीन चौकटी होत्या. यंत्र त्यावरून त्या गावाचं रोजचं हवामान घेत असे आणि हिशोब करत असे, कारण कार्बनचा अणू उन्हाळ्यात भरभर सरकतो आणि थंडीत रेंगाळतो. वस्तू कोणत्या खोलीत होती, याची चौकट अर्जात नव्हतीच. कडीकुलपांसाठी तिची कधी गरज पडली नव्हती.

"तुमच्या खोलीत आत किती डिग्री असतं?" तिनं विचारलं.

"चार. बाराही महिने चार."

तिनं गणित कागदावर केलं. मग पडताळून बघायला दुसऱ्यांदा केलं. चार डिग्रीला कार्बनची चाल बाहेरच्या हवेतल्यापेक्षा अठ्ठावीसपट मंद होती. आठ दिवस म्हणजे सव्वादोनशे दिवस. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा.

"तुमचं बरोबर आहे," ती त्या माणसाला म्हणाली, आणि कागद तसाच टाकून तेरदाळकर सरांच्या खोलीत गेली.

ते दोघं तासाभरात तासगावच्या शीतगृहात पोचले. पंचनाम्यात 'लिफ्टची मोटर-खोली' एवढंच लिहिलेलं होतं. मोटर खरोखरच बाहेर, पत्र्याच्या खोलीत होती. पण तिचा दांडा भिंतीतून आरपार गेला होता आणि कपलिंग भिंतीच्या पलीकडे होतं. राजमतीनं जाड दरवाजा ओढला आणि आत पाऊल टाकलं. बेदाण्याच्या पेट्यांच्या भिंती छतापर्यंत गेल्या होत्या. तिच्या तोंडून वाफ निघाली. दारावरच्या तापमापकात चारचा आकडा होता.

तेरदाळकर सर तिच्यामागे उभे होते. "सुकुमारला हे ठाऊक असणार," ते हळूच म्हणाले.

"कपलिंग आत आहे हे त्यांना ठाऊक होतं. थंडीत मोजणी चुकते हे मला ठाऊक असायला हवं होतं." ती थांबली. "आम्ही दोघं एकाच घरात होतो, सर. मी त्यांना एवढंही विचारलं नाही."

अकरा दिवसांचे अठ्ठावीसपट केले की तीनशे आठ दिवस होत होते. आठवडा-दोन आठवडे इकडे-तिकडे. म्हणजे गेल्या वर्षीचा जूनचा मध्य. शीतगृहाचे मालक झांबरे शेठ यांनी गेल्या जूनचं रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात लिफ्टबद्दल एक अक्षर नव्हतं. "काहीच झालं नाही त्या महिन्यात," ते म्हणाले. हे सांगताना ते राजमतीकडे बघत नव्हते; तेरदाळकरांकडे बघत होते. सुकुमारला तर देखभालीचं काम मिळालं होतं सप्टेंबरात.

झांबरे काही सांगणार नव्हते; आता राजमतीला आनंदाच्या घरी जाणं भाग होतं. शालननं तिला ओळखलं आणि दारातून हलली नाही.

"काय बगायला आलायसा?"

"विचारायला आले. गेल्या वर्षी मृगाच्या सुमाराला लिफ्टचं काही झालं होतं का? तुमचे यजमान काही बोलले होते?"

शालन बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनं पोत्याची घडी आणून टाकली. राजमती बसली.

"अडाकली हुती की," शालन म्हणाली. "पेट्या लई भरल्या हुत्या. मदीच अडाकली. मिस्त्री काय येईना, तवा पाइप घालून चौघांनी ते फिरवायचं काढलं. ह्येंच्या तळव्याला ह्ये एवडं फोड आलं हुतं. तीन दीस भाकरी मोडता येत नव्हती, मी भरवत हुते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "का वं?"

राजमतीनं तिला सगळं सांगितलं. बोल्ट तेव्हाच आत चिरडला गेला होता, वरून कळत नव्हतं, आणि दहा महिने तो तसाच भार ओढत राहिला होता.

"म्हंजी माज्याच मालकानं क्येलं म्हना की," शालन म्हणाली.

"त्यांना फिरवायला कुणी सांगितलं?"

"शेट समोर हुबं हुते. त्येच म्हनलं, रेटा."

"मग तुमच्या मालकानं नाही केलं."

शालन उठून चुलीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. ती जबाब द्यायला नाही म्हणेल, असं राजमतीला वाटलं. तिला तो हक्क होता. दोन महिने तिनं एका माणसाला शाप दिले होते आणि त्यावरच ती उभी होती.

"दुसरं तिगं बोलायचं न्हाईत," शालन तिकडूनच म्हणाली. "त्येंची कामं हाईत तितं. मी बोलते. लिवून घ्या."

तेरदाळकरांनी सुधारित अहवाल आठवड्यात पोलिसांकडे पाठवला. त्याखाली त्यांनी स्वतःच्या पहिल्या अहवालातली चूक स्पष्ट शब्दांत लिहिली. सगळ्या जुन्या मोजण्या पुन्हा तपासायचं ठरलं. त्यात थंड जागेतल्या सदतीस निघाल्या. त्या सदतीस घरांत काय काय झालं असेल, याचा विचार राजमतीनं करून पाहिला आणि सोडून दिला.

अहवालाची प्रत घेऊन ती कुपवाडला गेली. दुपारची वेळ होती. वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. सुकुमार आत स्टुलावर बसला होता, समोरचं लेथ बंद होतं. त्याची दाढी वाढली होती. तिनं कागद पुढे केला. त्यानं तो दोनदा वाचला.

"म्हणजे मी आवळला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"पण मला आठवतंय."

राजमतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी पोलिसांना खोटं नाही सांगितलं, राजू. मारलंबिरलं नाही त्यांनी. तू विचारलंस, मग त्यांनी विचारलं, मग रोज मीच मला विचारायला लागलो. पंधरा-वीस दिवसांनी दिसायलाच लागलं. पाना लावलाय, त्याला पाइप घातलाय. डाव्या हातानं मी चौकट धरलीय. एक पीळ जास्त जातोय आणि आतून बारीक कर्र असा आवाज येतोय. अजून दिसतं."

"तसं झालेलं नाही. आता यंत्रानंच सिद्ध केलंय."

"तेव्हाही यंत्रानंच केलं होतं."

तिनं एक खोकं ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. बाहेरून एक टेम्पो गेला.

"त्या सकाळी मी तुम्हाला चुकीचं विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही आवळला का, हे विचारायला नको होतं."

"मग काय विचारायचं होतंस?"

"बोल्ट कुठं असतो, एवढंच. ते आज सांगा."

सुकुमारनं खांदे उडवले. "कपलिंगला. भिंतीच्या आतल्या बाजूला. वाकून जावं लागतं. पाच मिनिटांत बोटं बधिर होतात, हातमोजे घातल्याशिवाय पाना धरताच येत नाही. हाडं दुखतात नुसती." तो थांबला. "आणि मी हातमोजे..."

तो आपल्या उजव्या तळव्याकडे बघायला लागला.

"काय?"

"माझा हात उघडा आहे त्यात. आणि घामेजलाय. पाना एकदा घामानं निसटतो, मी तो पँटला पुसतो आणि परत लावतो. रोज तसंच दिसतं." त्यानं मूठ मिटली, उघडली. "चार डिग्रीत घाम कुठून येईल, राजू?"

तिनं मान हलवली. डोळे भरून आले तरी ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"हा इथला हात आहे," तो म्हणाला. "इथं, या पत्र्याखाली बसून मी ते सगळं केलंय. मे महिन्यात."

तो उठला, नळावर गेला, हात धुतले आणि बराच वेळ धूतच राहिला. नळ बंद करताना त्याची बोटं एकदा थबकली आणि पाणी थेंबथेंब गळत राहिलं. राजमती उठली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"घरी चला," ती म्हणाली.

"आज नको." तो अजून नळाकडे बघत होता. "तू बस थोडा वेळ. घाई नसेल तर."

तिला घाई नव्हती. तिनं खोकं त्याच्या स्टुलाजवळ ओढून घेतलं आणि ती बसली.